नेम चुकतो तो कुणाचा?

(एस. वाय. बी. ए.)

गेल्या ऑगस्टमध्ये एन. सी. सी.च्या शिबिरात मी पाच गोळ्या झाडल्या आणि त्या निशाणावर वरखाली विखुरल्या. मे महिन्यात त्याच रायफलीने माझ्या पाचही गोळ्या बंद्या रुपयाएवढ्या जागेत लागल्या होत्या. दुसऱ्या दिवशी संघाची निवड होती. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे काही बिघडले की चूक आपलीच असणार, हे मी आधीच धरून चालतो.

उस्तादांनी मात्र तसे धरले नाही. त्यांनी तीच रायफल दुसऱ्या कॅडेटला दिली. त्याच्याही गोळ्या वरखाली गेल्या. मला दुसरी रायफल दिली, तेव्हा गोळ्या पुन्हा एकत्र आल्या. नंतर आर्मोररने पहिली रायफल उघडून पाहिली. पावसाळी हवेने लाकूड फुगून नळीला एका बाजूने टेकले होते. यामागचे शास्त्र मी मग मुद्दाम समजून घेतले. तेच येथे थोडक्यात मांडतो.

गोळी सुटते तेव्हा रायफलीची नळी स्थिर नसते. ठोका दिलेल्या घंटेसारखी ती थरथरते. गोळी सेकंदाच्या काही हजारांश भागात बाहेर पडते. त्या क्षणी नळीचे तोंड ज्या दिशेला असेल त्या दिशेला ती जाते. थरथर प्रत्येक वेळी सारखीच झाली, तर गोळ्या एकाच ठिकाणी लागतात. म्हणून प्रश्न थरथर थांबवण्याचा नसून ती एकसारखी ठेवण्याचा आहे.

एकेक काडतूस भरून झाडायच्या निशाणबाजीच्या काही जुन्या रायफलींत हा प्रश्न फार नाजूक असतो. ब्रिटिश सैन्याने १८७१ साली स्वीकारलेली मार्टिनी-हेन्री ही या घराण्यातली प्रसिद्ध रायफल. त्याच मार्टिनी रचनेवर बर्मिंगहॅमच्या बी. एस. ए. कारखान्याने पुढे .२२च्या निशाणबाजीच्या रायफली बनवल्या. यांत लाकडाचे दोन वेगळे तुकडे असतात. मागे दस्ता आणि पुढे डाव्या हाताने धरायचा फोरआर्म. मध्ये काडतूस बसवण्याची पोलादी पेटी, म्हणजे ॲक्शन. फोरआर्म नळीलाच स्क्रूने जोडलेला असेल, तर हाताचा दाब, पट्ट्याचा ताण आणि लाकडाचे फुगणे हे सारे थेट नळीवर येते.

यावर उपाय दोन. पहिला, नळी मोकळी सोडणे. बी. एस. ए.च्या ‘इंटरनॅशनल’ रायफलीच्या तिसऱ्या आवृत्तीत फोरआर्म नळीऐवजी ॲक्शनमधून पुढे आलेल्या धातूच्या पट्टीवर बसवला, तो याचसाठी. दुसरा, ठरावीक जागी ठरावीक दाब देणे. १९६७ साली आलेल्या अमेरिकन ‘रूगर नंबर वन’मध्येही अशी पुढे आलेली पट्टी आहे. काही नेमबाज तिच्या टोकाशी बारीक स्क्रू बसवून नळीला खालून किंचित रेटा देतात आणि स्क्रू थोडा थोडा फिरवून गोळ्या कुठे सर्वांत जवळ येतात ते पाहतात. कोणता उपाय लागू पडेल, हे त्या त्या रायफलीवर झाडूनच कळते.

काम करण्याची रीत अशी. रायफल रिकामी असल्याची आधी खात्री करायची. नळी आणि लाकूड यांमधून कागदाची पट्टी सरकवायची. ती अडकेल तिथे लाकूड टेकते आहे. नेमकी जागा कळण्यासाठी नळीला काजळी लावून फोरआर्म बसवायचा आणि काढायचा. जिथे काळे उमटेल तिथेच, तेवढेच घासायचे. फोरआर्मची मागची कडही ॲक्शनवर रेटता कामा नये. घासलेल्या लाकडाला तेल किंवा व्हार्निश देऊन ओल आत जाण्याची वाट बंद करायची. स्क्रू प्रत्येक वेळी सारखाच आवळायचा. वाळूच्या पिशवीवर फोरआर्म नेहमी एकाच जागी टेकवायचा. नळी पिशवीवर कधीही टेकवू नये.

एका वेळी एकच बदल करायचा आणि काडतुसे त्याच जातीची ठेवायची. पाच गोळ्यांचा एक कागद पाहून निष्कर्ष काढू नये. असे तीन-चार कागद पाहावेत. गोळ्या एकत्र पण बाजूला लागत असतील, तर आधी साइट पाहावी. त्या विखुरत असतील, तर लाकूड, स्क्रू, काडतुसे आणि स्वतः नेमबाज, सगळ्यांचीच तपासणी करावी लागते.

हे सारे सुट्टीत आबांना सांगितले. ते सुतार आहेत. रायफल त्यांनी हातात धरलेली नाही. काजळीचे ऐकून ते हसले. पावसाळ्यात दार घासू लागले की तेही चौकटीला काजळी लावून दार मिटतात आणि दाराला काळे लागेल तिथेच रंधा मारतात. “अंदाजानं रंधा मारला तर उन्हाळ्यात फट पडते,” एवढेच ते म्हणाले.

पन्नास मीटरवरील स्पर्धेच्या निशाणात दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे असते. त्याच अंतरावर कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसला ऑलिंपिक कांस्यपदक मिळवले. तेथवर कोण पोचेल ते पोचो. सरकारी रायफलीचा स्क्रू फिरवण्याचा अधिकार आम्हा कॅडेटना नाही, आणि तो नसावाच. पण नेम चुकला की दोष रायफलीवर ढकलू नये, तसाच न तपासता आपल्या माथीही घेऊ नये, एवढे मी शिकलो. त्या वर्षी संघात माझी निवड झाली नाही. दुसऱ्या रायफलीने झाडूनही मी दोन गुणांनी मागे राहिलो, आणि ते दोन गुण मात्र माझेच होते.