‘फुंतरू’ला दुसरा चान्स द्या!

‘सैराट’ कधी आला, हे कुणालाही विचारा. एप्रिल २०१६, लगेच उत्तर मिळेल. त्याच्या महिनाभर आधी, मार्चमध्ये, सुजय डहाके यांचा ‘फुंतरू’ आला होता. तो मात्र कधी आला, कधी गेला, फारसं कुणाला कळलंच नाही. मराठीत सायन्स फिक्शन सिनेमा तसाही दुर्मीळ. त्यात हा विषय तेव्हा जरा अतीच वाटला असणार.

गोष्ट इंजिनिअरिंग कॉलेजातली. विरू (मदन देवधर) कोडिंगमध्ये हुशार, पण मुलींसमोर त्याची बोलती बंद. त्याला अनया (केतकी माटेगावकर) आवडते. ती काही त्याची होत नाही. मग पठ्ठ्या थेट तिची होलोग्राम प्रतिकृतीच तयार करतो!

आता जरा मागे जाऊ. डहाके यांचा पहिला सिनेमा ‘शाळा’, मिलिंद बोकील यांच्या गाजलेल्या कादंबरीवरचा. त्याला मराठीतल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यातला जोशी शिरोडकरला लांबूनच बघत राहतो आणि आपण त्याच्या बाजूने होतो. ती शिरोडकरही केतकीच! म्हणजे दिग्दर्शक तोच, नायिका तीच, मुलाचं ते लांबून बघणंही तेच. फक्त ‘फुंतरू’मध्ये त्या मुलाच्या हातात मशीन आलंय. आणि तिथेच सगळा गोडवा संपतो. कारण अनयाला कुणी विचारलेलंच नाही.

२०१६ मध्ये ही कल्पना होती. आज शेगावच्या होस्टेलवर असो की चिखलीच्या कट्ट्यावर, इन्स्टावरचा एक फोटो आणि मोबाइलमधलं एक एआय ॲप एवढ्यात कुणाचीही ‘प्रतिकृती’ तयार होते. करणाऱ्याला ती गंमत वाटते. जिचा चेहरा वापरला, तिचं मात्र कॉलेजला येणं अवघड होऊन बसतं.

सिनेमात दोष आहेतच. विज्ञान घाईघाईत उरकलंय, मध्येच तो रेंगाळतोही. विरूची बाजू जेवढी दिसते, तेवढी अनयाची दिसत नाही, हे तर जास्तच खटकतं. पण प्रश्न त्याने बरोबर पकडलाय: आवडणारं माणूस हवंय, की आपलं ऐकणारं?

मराठी साहित्याने विचार करणाऱ्या यंत्राची भीती फार आधी ओळखली होती. जयंत नारळीकरांची ‘वामन परत न आला’ वाचा. त्यातला यंत्रमानव माणसाच्या ताब्यात राहायला तयार नाही. अशा कादंबऱ्या आपल्या लायब्ररीच्या कपाटात आहेत, पडद्यावर मात्र त्यांचा दुष्काळ. नवे प्रयोग आपण बघितलेच नाहीत, तर त्यावर पैसे लावायला निर्माता कशाला पुढे येईल?

तेव्हा या वीकेंडला ग्रुपने ‘फुंतरू’ बघा. मुलामुलींनी एकत्र बसून बघा. आणि संपल्यावर लगेच उठू नका, अनयाच्या बाजूने थोडं बोला.