चुंबकाचा ठोका आणि मेंदूची घडण

पक्षाघाताने एक हात लुळा पडलेला माणूस आपल्यापैकी बहुतेकांनी जवळून पाहिलेला असतो. काही महिने उलटले की घरचे लोक म्हणू लागतात, "आता हा हात गेला." मेंदू एकदा घडला की पुन्हा बदलत नाही, हा समज त्यामागे असतो. हा समज कितपत खरा आहे, आणि चुंबकाच्या साहाय्याने मेंदूत बदल घडवता येतो म्हणजे नेमके काय होते, हे आम्ही या लेखात सांगणार आहोत.

डोक्याच्या वरच्या भागात, एका कानापासून दुसऱ्या कानाकडे जाणाऱ्या पट्ट्यात, हालचालींचे केंद्र असते. त्याला मोटर कॉर्टेक्स म्हणतात. उजव्या हाताची आज्ञा डाव्या बाजूच्या केंद्रातून निघते, डाव्या हाताची उजव्या बाजूच्या केंद्रातून. १८७० साली फ्रिट्श आणि हिट्झिग या जर्मन संशोधकांनी कुत्र्याच्या मेंदूच्या या भागाला विजेचा सौम्य प्रवाह दिला, तेव्हा त्याचे पाय हलले. परंतु माणसाची कवटी न उघडता हे कसे करायचे? कवटीचे हाड विजेला अडवते. बाहेरून वीज द्यावी तर त्वचेला वेदना होतात.

याचे उत्तर मायकेल फॅरडे यांच्या १८३१ मधील शोधात होते. चुंबकीय क्षेत्र बदलत असले की जवळच्या वाहकात वीज निर्माण होते, आणि चुंबकीय क्षेत्राला हाड अडवत नाही. १९८५ साली इंग्लंडमधील शेफील्ड येथे अँथनी बार्कर व त्यांच्या सहकाऱ्यांनी तारेचे वेटोळे डोक्याजवळ धरून त्यातून क्षणभर जोरदार प्रवाह सोडला. मेंदूत वीज उत्पन्न झाली आणि हाताचे स्नायू हलले. असा एक ठोका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी काळ टिकतो. त्यानंतर सुमारे २० सहस्रांश सेकंदांत हाताचा स्नायू आकुंचन पावतो. आकुंचन किती जोराचे आहे यावरून केंद्र किती 'जागे' आहे ते मोजता येते.

एका ठोक्याने मेंदू बदलत नाही. ठोके ठराविक लयीत दिले तर मात्र त्यांचा परिणाम मागे राहतो. सेकंदाला साधारण एक ठोका असे पंधरा मिनिटे दिल्यास केंद्राची उत्तेजकता काही काळ कमी होते, हे १९९७ मध्ये दिसून आले. २००५ साली लंडनमध्ये ठोक्यांचे छोटे झुबके वापरले गेले. तेच ६०० ठोके ४० सेकंद सलग दिले तर उत्तेजकता घटली, थांबून थांबून सुमारे तीन मिनिटांत दिले तर वाढली. ठोके तेवढेच, पण लय बदलली की फळ उलटे!

२००० साली जर्मनीतील रोस्टॉक येथे झालेला प्रयोग विद्यार्थ्यांनी मुद्दाम समजून घ्यावा. मनगटाच्या नसेला विजेचा हलका झटका देऊन, २५ सहस्रांश सेकंदांनी मेंदूवर चुंबकाचा ठोका दिला. मनगटाची वर्दी मेंदूत पोहोचते त्याच सुमारास ठोकाही पोहोचावा, हा हेतू. अशा ९० जोड्या दिल्यावर त्या स्नायूचे केंद्र अधिक उत्तेजित झाले. पुढे हेच अंतर १० सहस्रांश सेकंद ठेवले, म्हणजे वर्दी येण्याआधीच ठोका दिला, तेव्हा उत्तेजकता घटली. वेळेवर भेटलेल्या संदेशांमुळे चेतापेशींमधील जोड बळकट होतात, हे डोनाल्ड हेब यांनी १९४९ साली मांडलेल्या विचाराशी जुळते.

मग या उपचाराने लुळा हात बरा होतो काय? येथे आम्हाला स्पष्ट बोलले पाहिजे. वर सांगितलेले परिणाम बहुधा तासाभरात ओसरतात, आणि सर्व माणसांत ते सारखे दिसत नाहीत. अमेरिकेतील १२ केंद्रांत पक्षाघाताच्या १९९ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. खऱ्या ठोक्यांच्या गटात ६७ टक्के आणि खोट्या ठोक्यांच्या गटात ६५ टक्के रुग्ण सुधारले. म्हणजे ठोक्यांनी विशेष फरक पडला नाही. पण हाताचा व्यायाम दोन्ही गटांना नेमाने दिला होता, आणि पक्षाघाताला तीन महिन्यांहून अधिक काळ लोटलेला असूनही दोन्हींकडील बहुसंख्य रुग्ण सुधारले, हे विसरू नये.

म्हणून सभासद बंधू-भगिनींना आमचे सांगणे आहे की, खात्रीच्या इलाजाच्या जाहिरातीवर विसंबून दागिने गहाण टाकू नका. बाजारात मिळणारे चुंबकाचे पट्टे व गाद्या तर या शास्त्रात बसतच नाहीत, कारण स्थिर चुंबक मेंदूत अशी वीज निर्माण करीत नाही. ज्यांना फिट येतात किंवा ज्यांच्या डोक्यात धातूचे उपकरण बसवलेले आहे, त्यांना हे ठोके धोक्याचे ठरू शकतात. त्यांनी ही गोष्ट डॉक्टरांना आधीच सांगावी.

शेवटी आणखी एक प्रयोग सांगतो. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काही लोकांनी पाच दिवस, रोज दोन तास, पियानोवर पाच बोटांचा सराव केला. चुंबकाने तपासले तेव्हा त्या बोटांचे मेंदूतील क्षेत्र वाढलेले दिसले. ज्यांनी तो सराव केवळ मनात केला, त्यांचेही वाढले. येथे चुंबक फक्त मोजमाप करीत होता, बदल घडवला होता सरावाने. "हात गेला" म्हणण्यापूर्वी घरच्यांनी, आणि "मला जमत नाही" म्हणण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी, एवढे ध्यानात ठेवावे.