एका बंबामागे 24 माणसे

एक अग्निबंब दिवसरात्र तयारीत ठेवायचा, तर किती माणसे लागतात? बंबावर साधारण 6 जण लागतात: एक प्रमुख, एक चालक-यंत्रचालक आणि चार फायरमन. आठ तासांच्या तीन पाळ्या धरल्या की 18. प्रत्येकाला आठवड्याची सुट्टी द्यायची म्हटली की 21. आजारपण, घरचे लग्नकार्य, कोर्टाची तारीख यांसाठी आणखी तिघे हाताशी हवेत. झाले 24. या लेखाचा सगळा जीव त्या शेवटच्या तिघांत आहे, कारण फायरमनला प्रशिक्षणाला पाठवायचे तर ते याच तिघांच्या जोरावर. ती पदे रिकामी राहिली की पहिला घाव प्रशिक्षणावर बसतो. वर्दी आली की गाडी निघावीच लागते. सराव मात्र पुढच्या आठवड्यावर ढकलता येतो, आणि तो ढकललाच जातो.

आता हा हिशेब नांदेड आणि लातूरला लावून पाहू. केंद्राच्या स्थायी अग्निशमन सल्लागार समितीचा जुना निकष असा: तीन लाख लोकसंख्येपर्यंत दर 50 हजारांमागे एक पंप आणि त्यापुढे दर लाखामागे एक. 2011 च्या जनगणनेत नांदेड-वाघाळा महापालिकेची लोकसंख्या साडेपाच लाख होती आणि लातूरची 3 लाख 83 हजारांच्या आसपास. निकषाने नांदेडला निदान 8 बंब लागतात, लातूरला 7. पंधरा बंबांना 24 ने गुणले की 360 माणसे होतात. त्यातले राखीव 45. हे निकषाचे गणित आहे, तेही पंधरा वर्षे जुन्या लोकसंख्येवर. पण कामाचा आवाका त्यातून नीट कळतो.

देशाचे चित्र याच दिशेचे आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या 2012 च्या मार्गदर्शिकेनुसार शहरी भागात अग्निशमन केंद्रांची तूट सुमारे 73 टक्के, मनुष्यबळाची 79 टक्के आणि वाहनांची केवळ 22 टक्के होती. गाड्या आहेत, त्यावर बसणारे नाहीत. 2023 मध्ये केंद्राने राज्यांच्या अग्निशमन सेवांसाठी 5,000 कोटींची योजना आणली. बहुतेक राज्यांनी त्यात स्वतःचा 25 टक्के वाटा घालायचा आहे. पैसा येतो आहे ही चांगलीच गोष्ट. पण गाडी निविदेने येते, सवयीचा फायरमन निविदेने येत नाही.

तो कसा तयार होतो? महापालिकेच्या भरतीसाठी मुंबईच्या राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्राचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम हा सर्वसाधारण दाखला आहे. उपअधिकाऱ्यासाठीचा अभ्यासक्रम एक वर्षाचा. त्यावरच्या शिक्षणासाठी नागपूरचे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय. 1956 साली ते रामपूरला सुरू झाले आणि पुढच्या वर्षी नागपुरात आले. दोन्ही संस्थांचा दर्जा मोठा आहे. अडचण पुढे आहे. भरतीत उमेदवाराची उंची 165 सेंटीमीटर आहे का, छाती 81 आहे का, वजन 50 किलो आहे का, हे काटेकोर मोजले जाते. मग तो रुजू होतो आणि तीस वर्षे, म्हणजे 360 महिने, नोकरी करतो. त्याच्या शिक्षणाचे महिने मात्र सुरुवातीचे सहाच. मधल्या काळात गावात सीएनजीच्या गाड्या आल्या, छतावर सौर पॅनेल बसले, लिथियम बॅटरीच्या दुचाकी घराघरांत चार्जिंगला लागल्या. शिकवणी वर्गांचे मजले वर चढले. सुरतच्या तक्षशिला इमारतीत 24 मे 2019 रोजी 22 मुले गेली. वरच्या मजल्यांवरून मुलांनी उड्या टाकल्या. ज्या लातूरने शिकवणीचा पॅटर्न देशभर नेला आणि ज्या नांदेडमध्ये हजारो मुले त्यासाठी येऊन राहतात, त्या शहरांतल्या फायरमनने अशा इमारतीतला जिना धुरात चढण्याचा सराव दर वर्षी करायला हवा, हे वेगळे सांगायला नको.

सरावाने फरक किती पडतो, हे एका उपकरणावरून दाखवता येते. धुरात शिरताना फायरमन पाठीवर हवेचे सिलिंडर घेतो, दलात त्याला बीए सेट म्हणतात. सहा लिटरच्या सिलिंडरमध्ये 300 बार दाबाने सुमारे 1,800 लिटर हवा मावते. शांतपणे काम करणारा माणूस मिनिटाला 40 लिटर हवा घेतो, म्हणजे 45 मिनिटे. घाबरलेला, धापा टाकणारा 60 लिटर ओढतो, म्हणजे 30 मिनिटे. दाब 50 बारवर आला की शिट्टी वाजते आणि परतावेच लागते, कारण उरलेले 300 लिटर परतीच्या वाटेसाठी असतात. ते वजा केले की सरावातल्या माणसाला आत 37 मिनिटे मिळतात, बिनसरावाच्या माणसाला 25. उपकरण तेच, किंमत तीच. मधली 12 मिनिटे फक्त सरावाची. तेवढ्यात एक मजला शोधून होतो.

पाण्याचेही तसेच. 4,500 लिटरच्या टाकीतून एक जेट मिनिटाला 450 लिटर पाणी फेकते, तेव्हा टाकी दहा मिनिटांत रिकामी. 2,250 लिटरचा पंप पूर्ण क्षमतेने चालवला तर दोन मिनिटांत. दुसरी गाडी येईपर्यंत पाणी पुरवायचे, तर यंत्रचालकाला पंप, दाब आणि नोझल यांचा मेळ हाताच्या अंदाजाने जमायला हवा. मराठवाड्यात या कौशल्याला वेगळेच मोल आहे. 12 एप्रिल 2016 रोजी मिरजेहून लातूरला पहिली पाण्याची रेल्वे आली, तिच्या दहा वाघिणींत 5 लाख लिटर पाणी होते. एका पंपाने ते पूर्ण क्षमतेने फेकले असते तर पावणेचार तासांत संपले असते. जिनिंगमधला कापूस किंवा तेलगिरणीतला साठा पेटला की त्याहून जास्त वेळ धुमसतो. कमी पाण्यात, फोम वापरून, आग वेगळी तोडून काम करणे हा आपल्या भागाचा स्वतःचा अभ्यासक्रम असायला हवा. मुंबईत तो कोणी शिकवणार नाही, कारण मुंबईला त्याची तेवढी गरज नाही.

आणि काम आता नुसत्या आगीचे राहिलेले नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूर-धाराशिवची 52 गावे जमीनदोस्त झाली. त्या वेळी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल अस्तित्वातच नव्हते, ते 2006 मध्ये उभे राहिले. ऑगस्ट 2025 मध्ये मुखेड तालुक्यात 206 मिलिमीटर पाऊस कोसळला. रावणगाव, हसनाळ, भासवाडी, भिंगेली इथे माणसे पाण्यात अडकली आणि छत्रपती संभाजीनगरहून लष्कराचे पथक बोलवावे लागले. बाहेरचे दल कितीही कुशल असले तरी त्याला वाट चालावी लागते.

वाटेचाच हिशेब करू. ग्रामीण भागात बंब 20 मिनिटांत पोहोचावा, अशी शिफारस आहे. ताशी 40 किलोमीटर वेगाने तो 13 किलोमीटर जातो. रस्ते वळणाचे, म्हणून सरळ अंतर 10 किलोमीटर धरू. एवढ्या त्रिज्येच्या वर्तुळात 314 चौरस किलोमीटर बसतात. नांदेड जिल्ह्याचे क्षेत्रफळ साडेदहा हजार चौरस किलोमीटर, म्हणजे 33 केंद्रे. लातूरचे सुमारे 7,150, म्हणजे 23. एकूण 56. दोन्ही जिल्ह्यांत तालुके आहेत 16 आणि 10. प्रत्येक तालुक्याला एक केंद्र दिले तरी निम्म्याहून अधिक जागा उघडीच राहते. सोयाबीनच्या गंजीला किंवा कडब्याला आग लागली की पहिली वीस मिनिटे गावचीच असतात. त्यामुळे प्रशिक्षणाची यादी गणवेशवाल्यांवर थांबवता येत नाही.

जर्मनीने हा प्रश्न फार पूर्वी सोडवला. तिथल्या अग्निशमन संघटनेची सुरुवात 1853 सालची आणि आजही सुमारे दहा लाख स्वयंसेवक गावोगावची दले चालवतात. त्यांच्या प्रशिक्षण नियमावलीत तास ठरलेले आहेत: पायाभूत 70, मग आपल्याच दलात दोन वर्षांत 80, श्वसन उपकरणासाठी 25, पंप चालवण्यासाठी 35. शिवाय वर्षाला 40 तासांची उजळणी. यातले बरेचसे जिल्हा पातळीवर, संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी होते. कोणी राजधानीला जात नाही.

नांदेडहून मुंबई रेल्वेने सहाशे किलोमीटरच्या आसपास, नागपूर साडेतीनशे. एका बंबाच्या नगरपरिषदेत समजा आठच माणसे आहेत. त्यातला एक सहा महिने गेला तर उरलेल्यांच्या पाळ्याच लागत नाहीत. 74 व्या घटनादुरुस्तीने अग्निशमन हे नगरपालिकांचे काम म्हणून बाराव्या अनुसूचीत घातले, ते योग्यच होते. पण त्यामुळे प्रत्येक नगरपरिषद आपापल्या बंबासह एकटी उभी आहे. मला वाटते, या कोंडीला एकच उत्तर आहे: नांदेड, लातूर आणि भोवतालच्या नगरपरिषदांची मिळून एक प्रशिक्षण संघटना.

40 तास म्हणजे पाच दिवस. वर्षाला 360 जणांना वीस-वीसच्या तुकडीने शिकवायचे तर 18 आठवडे लागतात. राखीव 45 मधले 20 एका वेळी बाहेर राहिले तरी बंब अडत नाहीत. लातूरने एकट्याने मैदान, धुराची खोली आणि प्रशिक्षक ठेवले तर ते वर्षात साडेआठ आठवडेच वापरात राहतील. परभणी, हिंगोली, धाराशिव, बीड आले तर वर्ष भरते. जागा म्हणून अहमदपूर सुचते. ते नांदेड-लातूर रस्त्यावर साधारण मध्यावर आहे आणि सकाळी निघालेला माणूस दोन्हीकडून दीड-दोन तासांत पोहोचतो. दोन्ही जिल्ह्यांची शहरी लोकसंख्या 2011 मध्ये 15 लाखांच्या वर होती. माणशी पाच रुपये वर्गणी धरली तर वर्षाला 75 लाख जमतात. सुरुवातीला एवढे पुरेसे आहे.

असे काही आपल्याला नवे नाही. ऊस कारखानदारीने 1975 साली मांजरीला डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट उभे केले, तेच पुढे वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट झाले. एकेका कारखान्याला न परवडणारे संशोधन आणि प्रशिक्षण सर्वांनी मिळून परवडवले. लातूरच्या मातीला हा मार्ग पाठ आहे.

संघटनेचे पहिले काम मैदानापेक्षाही सोपे असू शकते. प्रत्येक फायरमनची, आणि विशेषतः कंत्राटावरच्या फायरमनची, तासांची एक वही. बीए सेट किती तास, पंप किती, पूरबचाव किती, जिन्यावरचा सराव किती, आणि कोणी शिकवले त्याची सही. आज कंत्राट संपले की माणसाबरोबर त्याचा अनुभवही बेदखल होतो. औशाला केलेले तास देगलूरला मान्य झाले, तर त्याला शिकण्याचे कारण मिळेल आणि नगरपरिषदेला भरती करताना उंचीबरोबर आणखी एक गोष्ट मोजता येईल. मुंबई गोदीतल्या 14 एप्रिल 1944 च्या स्फोटात 66 अग्निशामक गेले, त्यांच्या स्मरणार्थ दर वर्षी 14 ते 20 एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. त्या सात दिवसांत दोन्ही महापालिकांनी आपापल्या आवारात प्रात्यक्षिके करण्याऐवजी दोन दिवस एकत्र सराव केला, तर या वहीतले पहिले 16 तास पुढच्याच एप्रिलमध्ये भरता येतील.