कृत्रिम ग्राही आणि पेशीचा स्वभाव

मानवी रक्तातील टी-पेशी ह्या शरीराच्या रखवालदार होत. अस्थिमज्जेत उगम पावलेल्या ह्या पेशी छातीतील यौवनलोपी ग्रंथीत परिपक्व होतात. त्यांच्या पृष्ठभागावर ‘ग्राही’ नावाची प्रथिने असतात. त्यांच्याच साहाय्याने पेशी शत्रूला ओळखते. परंतु कर्करोगाची पेशी ही स्वकीयांतूनच फितूर झालेली असल्यामुळे ती पुष्कळदा ह्या पहाऱ्यातून निसटते.

ह्यावर उपाय म्हणून १९८९ साली इस्राएलमधील वाइझमन संस्थेत झेलिग एशहार व त्यांचे सहकारी ह्यांनी एक जोडग्राही निर्माण केला. प्रतिपिंडाचा शत्रू ओळखणारा भाग पेशीबाहेर आणि टी-पेशीला चेतविणारा भाग पेशीच्या आत, अशी त्याची रचना होती. तथापि असे ग्राही धारण करणाऱ्या पेशी शरीरात फार काळ टिकेनात. म्हणून ग्राहीच्या अंतर्भागात दुसरा, पूरक संदेश देणारा एक खंड जोडण्यात आला.

येथे एक महत्त्वाची गोष्ट उघडकीस आली. बाहेरचा भाग तोच ठेवून आतील खंड बदलला, तर पेशीचा स्वभावच पालटतो. ‘सीडी-२८’ हा खंड असेल, तर पेशी त्वरेने वाढते, साखर भराभर खर्च करते आणि लवकर थकते. ‘४-१बीबी’ हा खंड असेल, तर तिची वाढ संथ होते. परंतु तिच्यातील ऊर्जा निर्माण करणाऱ्या तंतुकणिका वाढतात आणि ती दीर्घायुषी स्मृतिपेशी बनण्याकडे झुकते. शत्रू समोर नसतानाही ग्राही सतत चेतत राहिला, तर मात्र पेशी लढण्यापूर्वीच निस्त्राण होते.

ह्या ज्ञानाचा उपयोग आज भारतातही होत आहे. मुंबईची भारतीय तंत्रज्ञान संस्था व टाटा स्मारक केंद्र ह्यांच्या सहकार्यातून सिद्ध झालेल्या उपचारास ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. बंगळुरू येथे २०१९ साली स्थापन झालेल्या ‘इम्युनील’ संस्थेने बार्सिलोनाच्या एका रुग्णालयात विकसित झालेला ग्राही स्वीकारून, लिंफोमा ह्या कर्करोगावरील उपचार जानेवारी २०२५ मध्ये उपलब्ध केला. त्यात ‘४-१बीबी’ हाच खंड आहे. रुग्णाच्या रक्तातून टी-पेशी वेगळ्या काढून, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या द्वारे त्यांत ग्राहीचे जनुक घालतात; त्या वाढवून पुन्हा त्याच रुग्णाच्या शरीरात सोडतात.

हा उपचार निर्धोक नव्हे. तीव्र ज्वर येऊ शकतो. कर्कपेशींबरोबर निरोगी बी-पेशीही नष्ट होत असल्याने संसर्गाचे भय राहते. खर्चही लक्षावधी रुपयांचा आहे. परंतु २०१० साली फिलाडेल्फिया येथे उपचार घेतलेल्या दोन रुग्णांच्या रक्तात अशा पेशी दहा वर्षांनंतरही आढळल्या, आणि त्यांचा रक्ताचा कर्करोग उलटलेला नव्हता. पहारेकऱ्यास शत्रूची ओळख पटणे पुरेसे नाही; त्याने पहाऱ्यावर टिकूनही राहिले पाहिजे, हेच ह्या संशोधनाने दाखवून दिले आहे.