जुन्या काँक्रीटवर विटांची फरसबंदी

घरापासून गोठ्यापर्यंतची वाट ही शेतकऱ्याच्या आवारांतील सर्वांत अधिक तुडविली जाणारी जागा होय. पुष्कळ ठिकाणीं ती पूर्वींच काँक्रीटची केलेली असते. कालांतरानें तिचा पृष्ठभाग झिजून गुळगुळीत होतो आणि पावसाळ्यांत त्यावर शेवाळ धरतें. अशा जागीं गाभण म्हैस घसरली तर पोटांतील रेडकाची आशा सोडावी लागते, आणि घरांतील वृद्धाचें खुब्याचें हाड मोडलें तर त्यास पुन्हां चालतें करणें कठीण जातें. अशा वेळीं जुनें काँक्रीट फोडून टाकण्याचा सल्ला पुष्कळदां मिळतो. परंतु खालचा थर मजबूत असेल तर तोच नव्या फरसबंदीचा उत्तम पाया होतो, व फोडणावळ वांचते.

मात्र काम हातीं घेण्यापूर्वीं तीन गोष्टी पाहाव्या. पहिली, थराची स्थिति. बारीक भेगा असल्यास चिंता नाहीं. पण भेगेच्या दोन बाजू वरखालीं झाल्या असतील किंवा तुकडा पायाखालीं डुलत असेल, तर खालची जमीन हलत आहे असें समजावें. काळी जमीन पावसांत फुगते व उन्हाळ्यांत आकसते, म्हणून तेथें हा दोष विशेष आढळतो. असा थर काढलाच पाहिजे. दुसरी, ढाळ. पाणसळ लावून पाहावें. घरापासून दूर, ५० स १ इतका ढाळ असावा. तिसरी, उंची. १९ × ९ × ९ सें.मी. मापाची वीट आणि तिच्याखालचा वाळूचा २.५ सें.मी. थर मिळून वाट ११.५ सें.मी. वर येते. दारें अडणार नाहींत व फरसबंदी जोत्याच्या माथ्यापेक्षां निदान १५ सें.मी. खालीं राहील, याची खात्री करावी; नाहींतर पावसाचें पाणी घरांत शिरेल.

वीट पक्की भाजलेली व सरळ कडांची घ्यावी. दोन विटा एकमेकींवर आपटल्या असतां खणखणीत आवाज यावा, आणि नखानें ओरखडा उठूं नये. कोरडी वीट तोलून २४ तास पाण्यांत ठेवावी व पुन्हां तोलावी. वजन पंचमांशाहून अधिक वाढल्यास ती वीट वाटेच्या कामाची नव्हे. वेड्यावांकड्या खंगर विटाहि घेऊं नयेत.

प्रथम काँक्रीट तारेच्या ब्रशानें घासून शेण, तेल व शेवाळ काढावें. खोलगट जागा सिमेंटच्या मालानें भरून काढाव्या. त्या वाळूनें भरल्यास पुढें तेथेंच फरसबंदी खचते. नंतर दोन्ही कडांच्या जागीं काँक्रीटला टांचे मारून, भिजविलेल्या विटांची एकेक ओळ १ भाग सिमेंट व ४ भाग वाळू अशा मालांत बसवावी. ही कड म्हणजे फरसबंदीचें कुंपण होय. तिच्यावांचून मधल्या विटा पसरत जातात. उतारावरील कडेंत सुमारें एकेक मीटरवर एक दरज मोकळी सोडून तिच्या आंत जाळीदार कापड लावावें, म्हणजे पाणी निघून जाईल व वाळू राहील.

कड तीन दिवस पाणी मारून पक्की झाल्यावर चाळलेली जाड वाळू सारख्या जाडीनें पसरून फळीनें ओढून घ्यावी. तिच्यावर विटा, खांचेची बाजू खालीं करून, सांधमोड साधून बसवाव्या. दोहोंमध्यें २ ते ४ मि.मी. दरज ठेवावी. वर फळी ठेवून धुमसानें ठोकावें, आणि कोरडी बारीक वाळू झाडूनें दरजांत भरावी. पहिल्या पावसानंतर ही भर पुन्हां द्यावी लागते.

२० मीटर लांब व १.२ मीटर रुंद वाटेस, चौरस मीटरला ५६ विटा व शेंकडा ५ तूट धरून, सुमारें १,४१० विटा लागतील. वाळू दबते, म्हणून पाऊण घनमीटर आणावी.

ही पद्धत गोठ्याच्या आंत मात्र वापरूं नये. दरजांतील वाळूंत मूत्र मुरतें, दुर्गंधि सुटते व माशा वाढतात. तेथें काँक्रीटवरच आडव्या खांचा पाडणें बरें. भरलेल्या ट्रॅक्टरच्या वाटेसहि ही फरसबंदी योग्य नाहीं. झाडाच्या दाट सावलींत विटेवरहि शेवाळ येतें. तें वेळोवेळीं घासून काढावें.

एखादी वीट फुटल्यास किंवा खचल्यास तेवढीच उचलून, वाळू सारखी करून पुन्हां बसवितां येते, आणि त्यास गवंड्याची वाट पाहावी लागत नाहीं. रबीची मळणी आटोपल्यावर, वळवाचे पाऊस सुरू होण्यापूर्वीं, घरच्याच माणसांनीं हें काम उरकून घ्यावें.