सोपा, माजघर आणि नवा आराखडा

कोल्हापूर जिल्ह्यातील कागल परिसरात जुन्या घराची मांडणी समोरचा अर्धखुला सोपा, त्यामागे माजघर व स्वयंपाकघर आणि शेवटी परडे अशी रस्त्याकडून आत सरकत जाई. नव्या आराखड्यात सोप्याची जागा बहुधा वाहन घेते, आणि हा व्यवहार तोट्याचाच म्हणावा लागतो. नगरपरिषद हद्दीत २०२० ची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू असून, चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे अनुज्ञेय बांधकामाचे भूखंडाच्या क्षेत्रफळाशी असलेले प्रमाण, रस्त्याच्या रुंदीनुसारही बदलतो. बाहेरून १० फूट मोजलेल्या खोलीतून दोन्ही बाजूंच्या ९ इंची भिंती वजा केल्यास, गिलावा धरण्यापूर्वीच, आत साडेआठ फूट उरतात. पावसाचा मारा प्रामुख्याने पश्चिम-नैऋत्येकडून येत असल्याने त्या बाजूच्या खिडक्यांना खोल छज्जा आवश्यक ठरतो.