वार पडल्यानंतरची साखर

कळा सुरू झालेल्या लेकीला आमच्याकडे कुणी जेवू देत नाही. तिला पहिल्या प्रकारचा मधुमेह असला, तर घरातली मोठी माणसे पुढे म्हणतात, ‘पोटात अन्न नाही, मग सुई कशाला?’ मी कवी, वैद्य नव्हे. पण हा समज जिवावर बेतणारा आहे, म्हणून बोलतो. या आजारात शरीर स्वतःचे इन्शुलिन जवळजवळ बनवतच नाही. ते बाहेरूनही थांबले, तर काही तासांत रक्तात आम्ल साचते. १९२१ साली टोरांटोत इन्शुलिन सापडण्याआधी अशा बाईचे सुखरूप बाळंतपण विरळाच होते.

रुग्णालयात शिरेतून ग्लुकोज आणि इन्शुलिन दोन्ही देतात, तासातासाला साखर तपासतात. ती साधारण ७० ते ११० राखायची असते. डोळखांब किंवा टोकावड्याच्या आतल्या पाड्यावर हे कसे जमणार? डॉक्टर सहसा ३८व्या आठवड्याच्या सुमारास बाळंतपण ठरवतात. कळांची वाट न पाहता त्याआधीच मोठे रुग्णालय गाठावे.

खरी मेख पुढेच आहे. इन्शुलिनला अडवणारी संप्रेरके वारेत असतात. वार पडली की इन्शुलिनची गरज एकदम अर्ध्यावर, कधी त्याहूनही खाली येते. आदल्या दिवशीचाच डोस टोचला, तर बाळंतीण घामाघूम होऊन बेशुद्ध पडू शकते. बाळाचीही साखर उतरते, म्हणून त्याला तासाभरात अंगावर पाजावे. मधाचे बोट नको. मग कुणाकडे हरीरा, कुणाकडे डिंकाचे लाडू. तेही डॉक्टरांना सांगून, डोसाचा हिशेब धरूनच द्यावेत.